मुठीतल्या अक्षता

बापूरावांचा फोन आला की समजायचं, पौष लागला. त्यासाठी मला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवावी लागत नाही.

“मॅडम, मार्गशीर्षातलं शेवटचं लगीन परवा लागलं. आता कार्यालय मोकळं हाय. पडदा कधी बांधायचा?”

बापूराव हे वारंगा फाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयाचे मालक. मी डोंगरकड्याची, कळमनुरीला अकरावी-बारावीच्या मुलांना भूगोल शिकवते. आमचं नातं रक्ताचं नाही, शेजाराचं नाही, देण्याघेण्याचं तर मुळीच नाही. ते पौषाचं आहे. आमच्याकडे पौषात लग्नं लावत नाहीत, त्यामुळे त्यांचं कार्यालय महिनाभर कुलपात असतं. त्यातले तीन दिवस ते मला देतात आणि त्या तीन दिवसांत तिथे चित्रपट महोत्सव भरतो. हिंगोली जिल्ह्यात, हमरस्त्यावरच्या मंगल कार्यालयात, चित्रपट महोत्सव. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

लोक पौषाला भाकड महिना म्हणतात. मला त्यांचं नवल वाटतं. या महिन्यात आमच्या रानाला जो वास असतो तो वर्षभरात पुन्हा येत नाही. तूर कापून तिच्या पेंढ्या बांधावर टेकवलेल्या असतात. हरभऱ्याचे घाटे भरत आलेले असतात, आणि कोणाच्याही शेतावरून गेलं तरी हातात घाट्यांनी लगडलेल्या हिरव्या ढाळ्यांची जुडी घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. हळदीचा पाला पिवळा पडून वाळायला लागतो. तो कापला की एक ओलसर, कडवट सुगंध गावभर फिरतो आणि धुतलेल्या कपड्यांतही जाऊन बसतो. सकाळी केळीच्या बागांवर धुकं असतं, दुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. या वासांमध्ये गेल्या काही वर्षांपासून आणखी एक वास मिसळलाय. तापलेल्या प्रोजेक्टरचा. पौष म्हटलं की मला ढाळ्यांच्या बरोबरीने तोही आठवतो.

परवाच माझा भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, तू अजून ते करतेस? अगं, सगळं मोबाईलवर आहे आता.” पोरगा पुण्यात नोकरीला आहे, हुशार आहे आणि माझ्यावर त्याची माया आहे. म्हणून मी शांतपणे विचारलं, “गेल्या महिन्यात तू किती सिनेमे शेवटपर्यंत पाहिलेस?” तो म्हणाला, “सुरू बरेच केले होते.”

हेच तर म्हणणं आहे माझं. सुरू करणं आता कोणालाही जमतं. हातातल्या सिनेमाला आपण वाट्टेल तसं वागवतो. कंटाळा आला, पुढे ढकल. कुकरची शिट्टी झाली, थांबव. पटलं नाही, बंद कर, दुसरा लाव. सिनेमा बिचारा नोकरासारखा हुकमाची वाट बघत उभा. महोत्सवात सिनेमा मालक असतो आणि आपण त्याच्याकडे आलेले पाहुणे. तो त्याच्या चालीने चालतो, आपण आपली चाल त्याच्याशी जुळवून घ्यायची. दुसऱ्या कोणीतरी निवडलेलं, आपल्याला कदाचित न आवडणारं, आपल्या भाषेत नसलेलं काहीतरी अंधारात चार लोकांबरोबर बसून शेवटपर्यंत बघायचं. हे ज्याला आवडतं, तो खरा सिनेमावेडा. बाकीच्यांना सिनेमा आवडतो. आवडू दे, माझी काही तक्रार नाही.

तरुणपणी मी या वेडापायी वारंगा फाट्यावरून ट्रॅव्हल्स पकडून पुण्याला महोत्सवाला जायची. नवी नोकरी होती, साठवलेल्या रजा सगळ्या तिथे खर्च व्हायच्या. गळ्यात पास, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि एका थेटरातून दुसऱ्या थेटरात पळापळ. मला त्या रांगा फार आवडायच्या. रांगेत कोणी कोणाची जात विचारत नाही, पगार विचारत नाही. सकाळचा तो बर्फातला पाहिलात का, एवढंच विचारतात. एकदा रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका नीटनेटक्या बाईंनी विचारलं, “तुम्ही कुठल्या?” मी सांगितलं. “हिंगोलीहून? सिनेमासाठी? का हो, तिकडे येत नाहीत का सिनेमे?”

“येतात की,” मी म्हणाले, “पण जे सगळीकडे येतात तेच येतात.”

बाई हसल्या आणि त्यांनी मला त्यांच्या डब्यातला ढोकळा दिला. पण येताना बसमध्ये त्यांचा प्रश्न माझ्या शेजारी बसून आला. दरवर्षी मीच का जायचं सिनेमाकडे? त्याला एकदा आमच्याकडे यायला काय होतं?

बरं, आणायचा तर ठेवायचा कुठे? आमच्या भागात एक टॉकीज होती, तिचं कधीच गोदाम झालं. शाळांच्या सभागृहांत हिवाळ्यात स्नेहसंमेलनं आणि मग प्रात्यक्षिकांच्या परीक्षा. मार्ग काढला तो मिलिंद सरांनी. हे माझे सहकारी, मराठी शिकवतात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवर जेवण सोडतील असा माणूस. स्टाफरूममध्ये मी रडगाणं गात होते, तर ते पेपर तपासता तपासता म्हणाले, “पौषात मंगल कार्यालयं रिकामी असतात, मॅडम. आम्हा बौद्धांमध्ये मुहूर्ताची भानगड नाही, म्हणून माझं लग्न पौषातच झालं. फाट्याजवळच्या कार्यालयात. मालकाने इतक्या आनंदाने हॉल दिला की विचारू नका.”

ते मालक म्हणजे बापूराव. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. धोतर-सदऱ्यातला उंच, हाडापेराने मजबूत माणूस, बोलणं रोखठोक. चित्रपट महोत्सव म्हणजे काय हे त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोनाकोनाचे सिनेमे हायेत?” मी देशांची नावं सांगायला लागले, भूगोल शिकवतेच. ते म्हणाले, “देश न्हाई वो मॅडम. हीरो कोन हाय?”

हीरो नव्हता कोणीच. त्यांनी नमुना दाखवा म्हटलं, म्हणून मी लॅपटॉपवर शेवटच्या दिवशीचा सिनेमा लावला. एका डोंगराळ देशातला. नदीकाठी राहणारा एक नावाडी आणि त्याची तरुण मुलगी. मुलीला दूर शहरात जायचंय. बाप हो म्हणत नाही, नको म्हणत नाही, नुसता नाव दुरुस्त करत राहतो. अख्खा सिनेमाभर. शेवटी तो स्वतःच तिला नावेत बसवून पलीकडे सोडतो. बस्स, एवढंच.

बापूरावांनी चहा थंड होऊ देऊन थोडा वेळ पाहिला. “ह्याच्यात तं काहीच होऊन न्हाई राहिलं.”

“होतंय की. हळूहळू होतंय.”

“मॅडम, इतकी वर्सं लग्नं पाहून राहिलो. पंगत उठली की मांडव रिकामा व्हतो. नवरदेवाचे सख्खे मामा थांबत न्हाईत. तुमच्यात तं पंगत बी न्हाई. कोन बसंल?”

“बसतील,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाले, “मंग आसं करू. ह्या नावाड्याच्या सिनेमाला आर्धं कार्यालय शेवटपत्तुर बसलं, तर दर पौषात हे कार्यालय तुमचं. आन् न्हाई बसलं, तर पुन्हा माझ्याकडं पडद्याचं नाव काढायचं न्हाई. बराबर?”

“बराबर,” मी म्हणाले. बाहेर आल्यावर मिलिंद सर म्हणाले, “मॅडम, दुसरा एखादा सिनेमा तरी सांगायचा होता. गाणी असलेला.” पण मला तोच हवा होता. गाण्यांवर लोक बसले असते तर त्यात आमचं काय कौतुक?

तयारीचे ते दिवस आठवले की मला आजही उगाच उत्साह येतो. खिडक्या काळ्या करायला एका शेतकऱ्याने कलिंगडाच्या वाफ्यांवर अंथरायचा काळा मल्चिंग पेपर दिला. पांढरं कापड शिंप्याने जोडून दिलं आणि आम्ही ते स्टेजवर, जिथे एरवी नवरा-नवरी बसतात, तिथे ताणून बांधलं. बापूरावांच्या पत्नी सुमनकाकू ते बघायला आल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं माय, येवढा मोठा अंतरपाट!” मग त्या आमच्या धडपडीला शुभेच्छा देऊन माहेरी, शिरड शहापूरला निघून गेल्या.

खरी लढाई झाली ती पडद्यावर खाली उमटणाऱ्या मराठी ओळींवरून. त्या आम्ही दोघंच लिहीत होतो. सरांचं म्हणणं, ओळी प्रमाण मराठीतच हव्यात. नावाड्याची शेजारीण त्या मुलीला विचारते तिथे त्यांनी लिहिलं होतं, ‘तू का जात आहेस?’ मी ते खोडून लिहिलं, ‘काहून जाऊन राहिली?’

“मॅडम, हे लेखी मराठी नाही.”

“ती बाई बोलतेय, सर. लिहीत नाहीये.”

“पण त्या देशातली बाई ‘काहून’ कशी म्हणेल?”

“मग ‘का’ तरी कशी म्हणेल? ती तर तिसरंच काहीतरी म्हणतेय.”

सर तासभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी ‘काहून’ राहिला, पण उरलेल्या सगळ्या अनुस्वारांवर त्यांनी सूड घेतला.

पहिल्या दिवशी गर्दी झाली, ती लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाच्या कृपेने. आमची पत्रकं त्याच्याकडेच छापली होती. त्याच्या साच्यात ‘आपल्या उपस्थितीने कार्याची शोभा वाढवावी’ हे आपोआपच आलं. त्यामुळे फेटे, टोप्या, ठेवणीतल्या साड्या असा थाट. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. एका वयस्कर गृहस्थांनी टॉवेल-टोपीचा आहेर आणला होता. नवरदेव कुठे आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आत मिलिंद सरांनी त्यांना प्रोजेक्टरवाल्याकडे नेलं. तो नांदेडचा तरुण, त्याने टोपी घातली आणि तीन दिवस काढलीच नाही.

ते दोन दिवस संमिश्र गेले. खोटं कशाला सांगू? काही सिनेमांना लोक हसले, काहींना निम्मे उठून खिचडी खायला गेले. फाट्यावरची खिचडी प्रसिद्ध आहे, आणि कढईवरून येणाऱ्या फोडणीच्या वासापुढे परदेशी दिग्दर्शकांचं फार चालत नाही. पण गंमत अशी की गेलेले तिथे बसून सिनेमावरच बोलायचे. ट्रकवाले, केळीचे व्यापारी, शाळामास्तर, सगळे. एका सिनेमातल्या घोडेवाल्याने खरं सांगायला हवं होतं की नव्हतं, यावर एकदा दोन प्लेटा गार झाल्या. बापूराव मात्र रोज दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्यांकडे बघायचे आणि माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नावाड्याचा सिनेमा लागायचा होता. लोक येत होते. मी प्रोजेक्टरजवळ तारा बघत होते. दाराकडे माझं लक्ष नव्हतं, आणि तिथेच सगळं घडलं. सुमनकाकू त्याच दुपारी माहेराहून परतल्या होत्या. आपल्या कार्यालयाच्या दारात ठेवणीतल्या साड्या नेसून माणसं आत चाललीत हे त्यांनी पाहिलं, आणि इतक्या वर्षांची सवय, त्या तडक आत गेल्या. परातीत तांदूळ घेतले, हळद-कुंकू लावलं, दाराशी उभ्या राहिल्या आणि येईल त्याच्या हातावर चिमूट चिमूट अक्षता ठेवायला लागल्या. आणि लोकही इतके सवयीचे, की एकानेही विचारलं नाही कशाला. घेतल्या आणि मुठी मिटून जाऊन बसले.

दिवे गेले. पडद्यावर नदी आली. मागून कोणीतरी म्हणालं, “आपल्या कयाधूला येवढं पानी आसतं तर!” लोक हसले. मग हळूहळू सभागृहात एक गुणगुण सुरू झाली. ज्यांना वाचता येत होतं ते शेजारच्यांना ओळी वाचून दाखवत होते. आधीच्या दोन दिवसांत मला त्या आवाजाचा राग आला होता. पुण्यात कोणी असं केलं असतं तर लोकांनी बाहेर काढलं असतं. पण त्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. एकच ओळ कितीतरी तोंडांतून फिरत होती, कुठे जरा आधी, कुठे जरा उशिरा. पाठशाळेत धडा म्हणावा तशी.

मग शेजारणीचा प्रसंग आला. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘काहून जाऊन राहिली?’

आणि मग सगळं कार्यालय हसलं. ते हसणं मी कधी विसरणार नाही. ते टिंगलीचं नव्हतं. अनोळखी गावात अचानक आपला माणूस भेटल्यावर येतं, तसं होतं. आमचा ‘काहून’, ज्यावरून आमची पोरं पुण्या-मुंबईत ओशाळी होतात, तो कापडभर मोठा होऊन परदेशातल्या बाईच्या तोंडी आला होता. मी मिलिंद सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, पण हसत होते. त्यानंतर तो सिनेमा परका राहिला नाही.

माझ्या पुढच्याच ओळीत जवळच्या तांड्यावरच्या रुखमीबाई बसल्या होत्या. हळदीच्या कामाला येतात त्यामुळे माझ्या ओळखीच्या. त्यांना वाचता येत नाही, त्यांची सून त्यांच्या कानाशी लागून ओळी सांगत होती. अर्ध्या वाटेत कधीतरी रुखमीबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

“नको वाचू आता,” त्या म्हणाल्या. “कळून राहिलं मला.”

मला तिथेच उठून कोणालातरी सांगावंसं वाटलं. घरी मोबाईलवर हे कुठून ऐकू आलं असतं? सिनेमा एकट्याने पाहिला तर आपल्याला आपलंच कळतं. लोकांत पाहिला की दुसऱ्याला कळताना दिसतं. माझ्या मते महोत्सव असतो तो एवढ्यासाठी.

शेवटचा प्रसंग लांब आहे. बाप मुलीला घेऊन नदी ओलांडतो. एकही शब्द नाही, वल्ह्यांचा आवाज फक्त. वाचायला ओळीच नव्हत्या, त्यामुळे गुणगुणही थांबली. बाहेर ट्रॅक्टर गेला तो सगळ्यांना ऐकू आला. मी भीत भीत मागे वळून पाहिलं. खुर्च्या भरलेल्या होत्या. तेव्हा मला पडद्याच्या उजेडात ते पहिल्यांदा दिसलं. ओळीच्या ओळी माणसं उजव्या हाताची मूठ मिटून, ती मांडीवर ठेवून बसलेली. मला काही समजेना. शेजारी मिलिंद सर, त्यांचीही मूठ बंद.

“काय आहे हातात?” मी कुजबुजले.

“अक्षता,” सर म्हणाले. “काकूंनी दिल्या.”

“तुमच्या लग्नांत तर फुलांच्या पाकळ्या टाकतात.”

“हातावर ठेवल्यावर काय करणार? टाकून देऊ कुठे?”

मुलगी काठावर उतरली. बापाने तिची पेटी उतरवून दिली. ती चढण चढून गेली आणि मागे वळून तिने पाहिलं नाही. त्याने नाव वळवली. पडदा काळा झाला आणि आमच्यातल्या कोणालाच न येणाऱ्या लिपीत नावं वर सरकायला लागली.

कोणी उठेना. आमच्याकडे अक्षता टाकल्याशिवाय मांडवातून कोणी उठत नाही. पण इथे मंगलाष्टकं नव्हती, ‘सावधान’ म्हणायला भटजी नव्हता, आणि कधी टाकायच्या ते कोणाला कळत नव्हतं. सगळे तसेच मुठी मिटून, सरकणाऱ्या नावांकडे बघत बसलेले. मग रुखमीबाई उभ्या राहिल्या, एक पाऊल पुढे झाल्या आणि त्यांनी अक्षता पडद्यावर टाकल्या. त्यांच्या मागे सुनेने टाकल्या. मग सगळ्यांनीच. ताणलेल्या कापडावर तांदूळ सरसर वाजत खाली आले. मिलिंद सरांनीही टाकल्या, जरा जास्तच जोरात. मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत.

दिवे लागल्यावर मी रुखमीबाईंना विचारलं, “तुम्ही का टाकल्या?”

“पोरगी सासरी जावो, न्हाईतर आन् कुठं जावो. निघाली ना? तिला तशीच कशी धाडावी?”

बापूराव शेवटच्या ओळीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. जिंकल्याचा तोरा लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

“बसले की नाही?”

“बसले,” ते म्हणाले. “पन सिनेमासाठी न्हाई. आमच्या हिनं अक्षता वाटल्या म्हनून बसले. हातात अक्षता आसल्यावर कोन उठतंय? हे काय खरं न्हाई, मॅडम. पैज काय बराबर झाली न्हाई.”

माझा चेहरा पडला. त्यात तथ्य होतं, हेच मोठं दुखणं. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं.

“बापूराव, तुमची मूठ उघडा बरं.”

त्यांनी उघडली. हळदीने पिवळ्या झालेल्या तळव्यावर सगळ्या अक्षता तशाच होत्या.

“तुम्ही का नाही टाकल्या?”

“काहून टाकू?” ते एकदम उसळले. “पटलंच न्हाई मला! लेकरू चाललंय, कायमचं चाललंय, आन् हा मानूस तोंडातून शब्द काढून न्हाई राहिला. येकदा इचारायचं तरी, काहून चालली बाई? शेजारीन इचारती आन् बाप न्हाई इचारत? आसा कुठं बाप आसतो? जे आपल्याला मान्य न्हाई, त्याच्यावर अक्षता टाकायच्या कशा?”

“तुम्हाला तर दोन्ही मुलगे आहेत. मुलगी कुठे आहे?”

“न्हाई. म्हनून काय झालं?”

त्यांचा आवाज इतका चढला होता की बाहेर निघालेले लोक वळून बघायला लागले. सुमनकाकू म्हणाल्या, “आवं, सिनेमा हाय त्यो.” त्यावर ते “माहीत हाय मला,” म्हणाले. अक्षता परत मुठीत घेतल्या, मग सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि पैजेचं काहीही न बोलता निघून गेले.

ते वर्ष तसंच गेलं. हळद काढली, शिजवली, वाळवली, विकली. सोयाबीन आलं. दिवाळी झाली. बापूराव रस्त्यात दोनदा भेटले, दोन्ही वेळा त्यांनी बाजारभावावर बोलून मला वाटेला लावलं. मीही विचारलं नाही. मनात धरून चालले होते की कार्यालय गेलं. रिकामी जागा शोधत मी आखाडा बाळापूरपर्यंत चकरा मारल्या आणि प्रत्येक गोदामासमोर उभी राहून पडदा कुठे बांधता येईल याचा अंदाज घेतला.

आणि एका सकाळी फोन आला. रानातून ढाळ्यांचा पहिला भारा आला होता, मी ओट्यावर घाटे सोलत होते.

“मॅडम, पौष लागला. येताव ना?”

“पण पैज तर बरोबर झाली नव्हती ना?”

“त्ये ऱ्हाऊ द्या. माझ्या अक्षता तशाच पडून हायेत की. त्याचं काय करायचं?”

तेव्हापासून हे चालू आहे. आता सुमनकाकू मुद्दाम अक्षता वाटतात. मिलिंद सर झेंडूच्या पाकळ्या घेऊन येतात, परातीत दोन्ही असतं, ज्याला जे पटेल ते त्याने उचलावं. लोकांनी स्वतःच एक रीत पाडली आहे: सिनेमा मनाला लागला तर टाकायच्या, नाही लागला तर दाराजवळच्या टोपल्यात परत ठेवायच्या. टोपलं भरतंही कधीकधी, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. टाळ्या माणूस शिष्टाचार म्हणून वाजवतो. अक्षतांच्या बाबतीत आमच्याकडे असं खोटं कोणी वागत नाही.

यंदा तर पौषातही लग्नं लावायला लोक तयार आहेत. काळ बदलला, सुट्टी बघतात, मुहूर्त नाही. एक पार्टी मागच्या आठवड्यात कार्यालयाची तारीख घ्यायला आली होती, नेमक्या आमच्या तीन दिवसांतली. सुमनकाकूंनी मला हळूच सांगितलं. मी धसकले. बापूराव त्यांना काय म्हणाले, विचारलं.

“म्हनले, त्या तारखांना जमायचं न्हाई. घरचं कार्य हाय.”

माझ्या भाच्याला हे कसं सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही. त्याला मी फक्त म्हणाले, या पौषात ये आणि माझ्या शेजारी बस. तो येतो म्हणालाय.

परवाच्या फोनवर शेवटी मी बापूरावांना विचारलंच. इतके सिनेमे झाले, हसले, रडले, भांडले, पण त्या पहिल्या वर्षीच्या अक्षता त्यांनी टाकलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

“आहेत का हो अजून?”

“हायेत तं. कुंकवाच्या डबीत ठेवल्यात. कीड लागू नये म्हनून हळद टाकून.”

“मग यंदा तरी?”

फोनवर खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला.

“औंदा तोंड उघडनारा बाप आना, मॅडम,” ते म्हणाले. “मंग टाकतो.”